मेश टाकायच्या आधी टेरेन नीट बघून घ्या

पंचगंगा-कृष्णेचं पुराचं मॉडेल करायला घेताय तर हेक-रास (पुराचं पाणी कसं पसरेल ते काढणारं सॉफ्टवेअर) उघडून लगेच मेश (हिशेबासाठी भागावर टाकलेली सेलची जाळी) टाकू नका, एक अख्खा दिवस नुसता टेरेनला, म्हणजे जमिनीच्या उंचीच्या डेटाला, द्या. पहिला प्रश्न, ही उंची कधी मोजलेली आहे? एसआरटीएमचा (अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीचा) डेटा ११ ते २२ फेब्रुवारी २००० चा, आणि फेब्रुवारीत आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घातलेले असतात, नदी तुंबलेली असते, रडार काही पाण्याच्या आत जात नाही, म्हणजे ग्रिडमध्ये (उंचीच्या चौकोनी सेलच्या नकाशात) जो नदीचा तळ दिसतोय तो तळ नाहीच, ते तेव्हाचं पाणी आहे. वर कुठे ऊस उभा, कुठे तोडलेला, तोही उंचीत थोडाफार मिसळतो. हायवे चौपदरी झाला तो त्यानंतर, त्यामुळे शिरोलीजवळचा आजचा भराव त्यात शोधू नका. कोपर्निकसचा (युरोपचा, तोही उपग्रहावरच्या रडारचा) उंचीचा डेटा २०११ ते २०१५ चा, माझ्या मते सुरुवातीला तोच घ्यावा, पण त्यात घरं आणि झाडं जमीन म्हणून येतात हे धरून चाला.

मग डेटम, म्हणजे उंची कुठल्या शून्यापासून मोजलीय ते. भुवनवरून (इस्रोच्या नकाशांच्या पोर्टलवरून) कार्टोडेम हा उंचीचा डेटा घेतला तर उंची एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली) असते, समुद्रसपाटीची नाही, आणि आपल्या भागात दोन्हीत साठ मीटरहून जास्त फरक पडतो, मुंबईच्या किनाऱ्यावर तर आकडे चक्क उणे येतात. एवढी मोठी चूक लगेच दिसते हो, खरी भीती मीटर-दीड मीटरच्या चुकीची. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, म्हणजे मधलं अंतर जेमतेम सव्वा मीटर, सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५, आणि एसआरटीएमचे आकडे मुळातच पूर्ण मीटरमध्ये, मग इशारा आणि धोका यांच्यामध्ये ग्रिडची एखादी पायरी येणार, त्यावर कुठलं गाव कधी हलवायचं हे कसं ठरवणार? म्हणून गेजचा (नदीची पातळी मोजायच्या पट्टीचा) शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे ते जलसंपदाकडून लेखी घ्या आणि टेरेनशी जुळवा.

प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम झोन ४३ उत्तर, गडचिरोलीसारखं ७८ अंशांच्या पूर्वेचं काम असेल तर ४४. रीप्रोजेक्ट करताना बायलिनियर (आजूबाजूच्या सेलची सरासरी धरणारी पद्धत) घ्या, निअरेस्ट (जवळच्या एकाच सेलचा आकडा उचलणारी) घेतलं तर सपाट शेतात पायऱ्या-पायऱ्या दिसतात. उणे ३२७६८ किंवा उणे ९९९९ वाले सेल नो-डेटा (इथे उंचीच नाही) म्हणून लागलेत ना तेही बघा.

आता हिलशेड (चढउतार सावलीने दाखवणारं चित्र) लावा आणि नदीच्या मधून नरसोबावाडीपर्यंत प्रोफाइल (त्या रेषेवरच्या उंचीचा आलेख) काढा. खाली जाताना तळ मध्येच वर उठला तर बहुतेक वेळा तो पूल असतो, पुलाचा डेक ग्रिडमध्ये भिंत होऊन बसतो, तो कापावाच लागतो. जीआयएसमधलं (नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं) फिल सिंक, म्हणजे खळगे भरायचं टूल, आंधळेपणाने चालवायचं नाही, ते त्या भिंतीच्या मागची नदी डेकपर्यंत भरून टाकतं आणि वरवर सगळं छान गुळगुळीत दिसतं. सर्व्हेचे क्रॉस-सेक्शन (नदीचे मोजलेले आडवे छेद) असतील तर त्यांच्यावरून केलेलं नदीपात्राचं टेरेन रासमॅपरच्या (हेक-रासच्या नकाशा भागाच्या) यादीत सगळ्यात वर ठेवा, वरचं तेच धरलं जातं, आणि काठावर जिथे दोन्ही टेरेन जुळतात तिथे उंचीत उडी नाही ना ते दहा-बारा ठिकाणी तरी प्रोफाइल काढून बघा. भरावांवर ब्रेकलाइन (मेशच्या सेलच्या कडा भरावावर आणणारी रेषा) हवीच, नाहीतर मोठ्या सेलमधून पाणी हायवेच्या आरपार जातं.

आणि एकदा प्रत्यक्ष जा. प्रयाग चिखली, आंबेवाडीत २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं ते लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्या खुणेची आणि खालच्या जमिनीची उंची आरटीकेने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसने) घ्या, जमिनीची ग्रिडशी ताडून बघा, खुणेची पुढे निकाल तपासायला ठेवा. जमिनीतच मीटरभर फरक निघाला तर मेश थांबवा, आधी टेरेन दुरुस्त करा, वेळ गेला तरी चालेल.