जमीन मोजणीचा इतिहास नकाशावर मांडताय? या चुका टाळा

महाराष्ट्रातल्या जमीन मोजणीचा नकाशा करायला बसलं की पहिला मोह होतो गावागणिक एक साल टाकून मोकळं व्हायचा. तिथेच फसगत होते. पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका घ्या. 1820 च्या दशकात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची मोजणी झाली, पण त्याची आकारणी, म्हणजे जमिनीवर ठरवलेला सारा, रयतेला झेपली नाही. मग 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काम नव्याने हाती घेतलं. त्यांच्या बंदोबस्ताची, म्हणजे ठरवून दिलेल्या साऱ्याची, मुदत 30 वर्षांची, म्हणजे पुढे फेरआकारणी आलीच. यातलं कुठलं साल लिहिणार? मोजणी, आकारणी, फेरआकारणी असे रकाने वेगळे ठेवा.

नकाशाच्या कोपऱ्यातलं साल मोजणीचं असेलच असं नाही. पुष्कळदा ते नक्कल काढल्याचं असतं. मी एकदा अख्ख्या तालुक्याला नकलेचंच साल लावून ठेवलं होतं. आकारबंद (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि आकार नोंदवलेला कागद) समोर आल्यावर सगळं पुसावं लागलं.

सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांची गल्लत तर नेहमीची. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली जिथे विखुरलेल्या जमिनी एकत्र करण्याची योजना झाली, तिथे गटांना नवे क्रमांक पडले. जुना सर्व्हे नंबर 45 आणि आजचा गट नंबर 45 गावाच्या दोन टोकांनाही असू शकतात. जोड लावायची तर एकत्रीकरणाचा जबाब (जुने सर्व्हे नंबर आणि नवे गट दाखवणारा कागद) आणि फेरफार पाहा, अंदाजाने जुळवू नका.

क्षेत्राच्या आकड्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. जुन्या कागदावर ‘2-20’ दिसलं की ते संगणकात 2.20 एकर म्हणून जातं. ते असतं 2 एकर 20 गुंठे. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे अडीच एकर. आजच्या सातबाऱ्यावर साधारण 1 हेक्टर 1 आर. गुंठा म्हणजे 33 फूट साखळीचा चौरस, 1089 चौरस फूट. एकर आणि गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत भरले की हा घोळ होतच नाही.

सगळ्या राज्याला मुंबई इलाख्याचा साचा लावू नका. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, नागपूरकडे मालगुजारी (मालगुजारामार्फत सारा गोळा करण्याची पद्धत) आणि सर्व्हे नंबराऐवजी खसरा नंबर, तर वऱ्हाडाची गोष्ट नागपूरपेक्षाही निराळी. आजच्या जिल्ह्यांच्या हद्दींवर रंग भरले तर हे सगळं झाकलं जातं. जालना आणि सिंधुदुर्ग 1981 चे, पालघर 2014 चा. त्या-त्या काळची हद्द वापरा.

विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने 1802 साली मद्रासकडून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणीही यात मिसळू नका. ती देशाच्या नकाशासाठी होती, सारा ठरवायला नव्हे.

आता गावनकाशा उपग्रह चित्रावर बसत नसेल तर? कागद आखडलेला असतो, तोही दोन्ही दिशांना सारखा नाही. चार कोपरे ताणून भागत नाही. तीन गावांच्या शिवा मिळतात ते दगड, जुनी विहीर, देऊळ असे बिंदू गावभर विखरून घ्या. ओढ्याचं वळण मात्र घेऊ नका, तो पात्र बदलतो. तरीही बांध सरकलेला दिसला तर नकाशा ओढून जुळवण्याआधी टिपण (मोजणीच्या वेळी जागेवर लिहिलेली मापं) काढून बघा. कधी कधी सरकलेला असतो तो बांधच.