डोळ्यांचा दाह स्त्रीत वेगळा, पुरुषात वेगळा: या चुका टाळा

‘ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते ते) म्हणजे बायकांचे आजार’ असं सरसकट धरून चालणं, इथूनच घोळ सुरू होतो. ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना दाह) किंवा जोग्रेन (अश्रू-लाळेच्या ग्रंथींना दाह) या आजारांच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात हे खरं. पण एचएलए-बी२७ या जनुकाशी जोडलेला, एकाएकी उसळणारा युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) पुरुषांत जास्त दिसतो, तोही बहुतेकदा विशी ते चाळिशीत. थायरॉइडमुळे होणारा डोळ्यांचा आजार बायकांना जास्त होतो, मात्र पुरुषाला झाला तर अधिक जोर धरतो.

तरुणाचा एक डोळा लाल झाला की ‘डोळे आलेत’ म्हणून मेडिकलमधून ड्रॉप्स आणले जातात. डोळे येतात तेव्हा चिपडं धरतात, पापण्या चिकटतात. युव्हिआयटिसमध्ये चिपडं नसतात. आतून ठणका असतो, उजेड सोसत नाही, नजर धुरकट होते आणि लाली बुबुळाभोवती कड्यासारखी दिसते. उशीर झाला तर बाहुली मागच्या भिंगाला चिकटून वेडीवाकडी होते. ती चिकटू नये म्हणून डॉक्टर बाहुली मोठी करणारे थेंब देतात. जवळचं वाचता येत नाही म्हणून अनेक जण नेमके तेच बंद करतात! स्टेरॉइडचे थेंबही बरं वाटताच सोडू नका, ते टप्प्याटप्प्याने कमी करायचे असतात. आणि मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवलेत, तर काचबिंदू नि मोतीबिंदूला आमंत्रण.

सकाळी कंबर आखडते आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आपणहून सांगा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचा (मणक्याच्या संधिवाताचा) माग अनेकदा असाच लागतो. बाईची हीच कंबर मात्र दगदगीच्या खात्यावर टाकली जाते आणि निदान रखडतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लहान मुलींची. लहानपणीच्या संधिवाताने गुडघा सुजलेला, रक्तात एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह, वय पाच-सहाच्या आत, आणि डोळा पांढरा स्वच्छ. ना लाली, ना दुखणं. आतला दाह फक्त स्लिट लॅम्पखाली (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) दिसतो, म्हणून अशा मुलींची तपासणी साधारण दर तीन महिन्यांनी करायला सांगतात. ‘डोळ्यांची काहीच तक्रार नाही’ म्हणून ती चुकवू नका.

पाळी गेल्यावर डोळे कोरडे पडले तर वयावर ढकलून मोकळं होऊ नका. सोबत तोंडही कोरडं पडत असेल तर जोग्रेनची तपासणी हवी.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, युव्हिआयटिस बऱ्याचदा शांत राहतो. तो बरा झाला असं समजून फाइल कपाटात जाते आणि बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांत आजार पुन्हा उसळतो. त्या काळातली तपासणी आधीच ठरवून ठेवा. मेथोट्रेक्सेट किंवा मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर मूल होऊ देण्याचा विचार दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. ही औषधं गर्भाला घातक आहेत. पुरुषांनीही सायक्लोफॉस्फामाइड हे तशाच प्रकारचं औषध सुरू होण्यापूर्वी हा विषय काढावा, त्याने शुक्राणूंवर परिणाम होतो आणि ते आधीच साठवून ठेवता येतात.