वायरलेस चिपमधील त्रुटी आणि आपली उपकरणे : उत्पादन-सुरक्षेत नव्याने येणाऱ्यांसाठी

सी-डॅकची एम्बेडेड किंवा माहिती-सुरक्षेची पदविका घेऊन पुण्यातील एखाद्या कंपनीच्या फर्मवेअर (उपकरणातच बसवलेले सॉफ्टवेअर) विभागात रुजू होणाऱ्यांची बहुधा अशी समजूत असते की, सुरक्षेचे काम म्हणजे त्रुटी शोधून काढणे. मी काम करते ती कंपनी कारखान्यांतील यंत्रांना नेटवर्कशी जोडणारी उपकरणे, म्हणजे वाय-फाय गेटवे, बनवते आणि तेथील माझा अनुभव असा, की त्रुटी दुसऱ्याच कोणीतरी शोधलेली असते. आपल्यापुढे प्रश्न उरतो तो हा, की ही चिप आपल्या कोणत्या मॉडेलमध्ये, कोणत्या फर्मवेअरसह आणि कोणत्या ग्राहकाकडे बसलेली आहे.

अभ्यासासाठी मी नेहमी 'क्रूक' ही त्रुटी सुचवते. ईसेट कंपनीच्या संशोधकांनी ती फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केली आणि तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१९-१५१२६ असा आहे. ब्रॉडकॉम आणि सायप्रेस यांच्या काही वाय-फाय चिपमध्ये, राउटरशी जोडणी तुटली की सत्राची किल्ली (त्या जोडणीतील माहिती कूटबद्ध करणारी) पुसून तिच्या जागी शून्ये भरली जात. इथवर सारे ठीक होते, परंतु बफरमध्ये, म्हणजे चिपच्या तात्पुरत्या साठ्यात, पाठवायची राहिलेली माहिती त्याच शून्यांच्या किल्लीने कूटबद्ध होऊन हवेत जाई आणि आसपासच्या कोणालाही ती उलगडता येई. जोडणी तोडण्याचा बनावट संदेश पाठवणे अवघड नसल्यामुळे हे पुन्हा पुन्हा घडवता येत असे.

बाधित उपकरणांचा अंदाज एक अब्जाहून अधिक होता, तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय त्रुटी-नोंदवहीत तिला दहापैकी केवळ ३.१ गुण आहेत. यात विसंगती नाही. हल्लेखोराला वाय-फायच्या टप्प्यात यावे लागते, एका वेळी थोडीच माहिती गळते आणि आत टीएलएस, म्हणजे वाय-फायहून वेगळे असे कूटबद्धतेचे आवरण, असेल तर ती सुरक्षितच राहते. मात्र गेटवेकडून क्लाउडकडे जाणारी माहिती टीएलएसमधून जात असली, तरी यंत्राकडून वाय-फायवरून येणारे मॉडबस-टीसीपी (कारखान्यातील यंत्रांचा संवाद-प्रोटोकॉल) कूटबद्ध नसते, उघडेच असते. म्हणून गुणांचा आकडा पाहून फाईल बाजूला ठेवू नका, आपल्या मांडणीत नेमके काय उघडे पडते ते स्वतः मांडून पाहा.

सर्वाधिक वेळ ओळख पटवण्यात जातो. सायप्रेसने ब्रॉडकॉमचा हा व्यवसाय २०१६ मध्ये घेतला आणि २०२० मध्ये सायप्रेस इन्फिनिऑनकडे गेली, त्यामुळे एकाच चिपची कागदोपत्री निरनिराळी नावे आढळतात. रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणक-बोर्डावरील चिप एका कागदावर बीसीएम ४३४३८, तर दुसऱ्यावर सीवायडब्ल्यू ४३४३८ असते, आणि बोर्ड सुरू करून कर्नलचा लॉग (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने केलेल्या नोंदी) पाहिला तर तेथे बीसीएम ४३४३० असे छापलेले दिसते. खरेदी विभागाच्या बीओएममध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या यादीत, तर बऱ्याचदा फक्त मॉड्यूलचे (चिप बसवलेल्या तयार भागाचे) नाव असते. लॉगमधील त्याच ओळीत चिपच्या फर्मवेअरची तारीख आणि आवृत्ती असते, आणि पॅच, म्हणजे त्रुटी दुरुस्त करणारा अपडेट, बसला की नाही याचा खरा पुरावा तीच ओळ होय. ईसेटच्या बाधित यादीत हा बोर्ड होता. तपकीर गल्लीत एखादा जुना मिळाला तर घ्या आणि ही ओळ वाचण्याचा सराव करा. चाचणी केवळ स्वतःच्या नेटवर्कवर करावी, कारण इतरांच्या नेटवर्कवर ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येऊ शकते.

पॅच चिप-उत्पादकाकडून मॉड्यूल-उत्पादकाकडे आणि मग आपल्याकडे येतो, आणि या साखळीत महिने जाऊ शकतात. तोवर व्यवस्थापन-फ्रेमचे (जोडणी जोडण्या-तोडण्याच्या वाय-फाय संदेशांचे) संरक्षण सुरू करणे, गेटवेंचे नेटवर्क कार्यालयापासून वेगळे ठेवणे आणि उघडे प्रोटोकॉल शक्य तेथे तारेवर आणणे एवढे आपल्या हातात असते, आणि तेवढे ताबडतोब करावे.

अपडेट पाठवताना स्वाक्षरी तपासली जाते का आणि मध्येच लाइट गेली तर जुनी आवृत्ती शाबूत राहते का, हे प्रयोगशाळेत प्लग उपसून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. भोसरी-चाकणकडे गुरुवारच्या सुट्टीत यंत्रे थांबलेली असतात, म्हणून तो दिवस सोयीचा वाटतो. पण त्या दिवशी मेन स्विचच बंद असेल तर गेटवेही बंद असतो. देखभाल विभागातील माणसाला आधी फोन करून तेवढी एक लाइन चालू ठेवायला सांगावी लागते.

ग्राहकाला लिहिताना मॉडेल, आवृत्ती, धोका आणि तात्पुरता उपाय स्पष्ट लिहावा. 'काळजीचे कारण नाही' असे वाक्य मी मसुद्यातून नेहमी काढून टाकते. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतील सहा तासांची मुदत प्रत्यक्ष घटना कळवण्यासाठी आहे, हेही विधी विभागाला वेळीच सांगून ठेवावे.

ज्या मॉड्यूलचे उत्पादन बंद झाले आणि ज्याला पॅच येणारच नाही, त्याची वेगळी यादी करावी. त्यातील प्रत्येक गेटवे बदलायचा की वायरलेस बंद करून तारेवर चालवायचा, हा निर्णय ग्राहकाच्या लेखी संमतीने व्हावा आणि तो होईपर्यंत यादीतील त्या गेटवेची नोंद कोणीही बंद करू नये.