आधी पुसा, मग धुवा: दुखण्यावरचं जेल नदीत जाऊ नये म्हणून

रविवारी सिंहगड आणि सोमवारी माझं दुकान, हे पावसाळाभर ठरलेलं असतं. सोमवारी शटर वर केलं की पहिली गिऱ्हाइकं पोटऱ्या चोळतच येतात. "ताई, ते दुखण्यावरचं जेल द्या." त्यांच्या मागे वर्षभर येणाऱ्या आज्या उभ्या असतात. त्यांना औषधाचं नाव सांगावं लागत नाही, त्या नुसता गुडघ्यावर हात ठेवतात. शनिवार पेठेत मेडिकल चालवायला लागून मला 26 वर्षं झाली. दुकानातून चार मिनिटं चाललं की ओंकारेश्वर, आणि त्याला लागून मुठा.

इतक्या वर्षांत जेल दिवसातून किती वेळा लावायचं, जखमेवर का लावायचं नाही, हे मी हजारो वेळा सांगितलं असेल. लावून झाल्यावर हाताचं काय करायचं, हे मात्र कधी सांगितलं नाही. आता प्रत्येकाला सांगते, आणि काउंटरवर उभ्याउभ्या सगळं सांगून होत नाही म्हणून इथे लिहिते आहे.

पहिलं काम, ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. व्होवेरान, व्होलिनी, ऑम्नीजेल ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, पण आत काय आहे ते मागे असतं: 'डायक्लोफिनॅक डायइथिलअमाइन 1.16 टक्के'. हे दिसलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. नुसत्या निलगिरी-पुदिन्याच्या बामची गोष्ट वेगळी.

आता जरा हिशोब करू. 30 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये हे औषध साधारण 350 मिलिग्रॅम असतं. गोळीत हेच औषध थोड्या वेगळ्या रूपात असतं, त्याच्या मापाने ते 300 मिलिग्रॅम भरतं. गोळी घेतल्यावर जेवढं औषध रक्तात उतरतं, त्याच्या फक्त 6 टक्क्यांच्या आसपास जेलमधून उतरतं. जेलचा फायदाच तो आहे, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास कमी. पण मग उरलेलं जातं कुठे? बरंचसं कातडीवर राहतं, तळहातावर राहतं, पायजम्याला आणि चादरीला लागतं, आणि पुढच्या धुण्यात नाहीतर आंघोळीत मोरीतून निघून जातं. ढोबळ मानाने एका ट्यूबमागे 280 मिलिग्रॅम धरा.

हे औषध माशांच्या मूत्रपिंडाला बाधतं, ते पुढे सांगतेच. मग नदीत ते किती चालेल? युरोपीय आयोगाने 2022 मध्ये नद्यांसाठी जी मर्यादा सुचवली ती लिटरला 0.04 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका मायक्रोग्रॅमचा पंचविसावा भाग. ट्यूबमधलं उरलेलं सगळं वाहून गेलं, तर ते या पातळीपर्यंत पातळ करायला 70 लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल. उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत 10 हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे 700 टँकर. एका ट्यूबला. हा गुणाकार मी पहिल्यांदा बिलाच्या पाठीवर केला, आणि शून्यं चुकली असतील असं वाटून पुन्हा केला. चुकली नव्हती.

शिवाय मुठेत पातळ करायला पाणी असतंच कुठे? पावसाळा सोडला तर खडकवासल्याचं पाणी कालव्याने आणि जलवाहिन्यांनी जातं, नदीच्या पात्रात मुख्यतः शहराचं सांडपाणी उरतं.

म्हणून लावायची पद्धत बदला.

आंघोळ आधी, जेल नंतर. आमच्याकडे उलटं चालतं. सकाळी उठल्यावर सांधे धरलेले असतात म्हणून आधी जेल चोळतात, मग गरम पाण्याची बादली घेतात. औषध कातडीत शिरायच्या आत गटारात जातं, आणि पुन्हा 'गुण येत नाही' म्हणून दुसरी ट्यूब न्यायला येतात. जेल लावल्यावर निदान तासभर ती जागा धुऊ नका. सकाळी आंघोळ झाल्यावर, अंग कोरडं करून लावा. रात्री लावत असाल तर पाय धुऊन या आणि मग लावा.

माप बेताचं घ्या. गुडघ्याला 2 ते 4 ग्रॅम पुरतं, म्हणजे मोठ्या बोराएवढा गोळा. लहान जागेला त्याहून कमी. पांढरा थर दिसेपर्यंत लावलं की जास्त आराम पडतो, ही समजूत मी रोज ऐकते. जादा थर कपड्याला पुसला जातो, एवढंच त्याचं होतं. कातडी चिकट लागेनाशी होईपर्यंत हलक्या हाताने जिरवा, दहा मिनिटं पाय उघडा ठेवा, मग पायजमा किंवा साडी खाली घ्या. घट्ट पट्टा किंवा गरम पाण्याची पिशवी लगेच लावू नका.

आणि आता मुख्य गोष्ट. चोळून झाल्यावर तुमचा तळहात खिडकीजवळ नेऊन तिरका धरून पाहा. बोटांच्या पेरांमध्ये आणि अंगठ्याच्या मुळाशी एक चकाकी दिसेल. ते औषध आहे. आपण काय करतो? सरळ बेसिनवर जाऊन साबण लावतो. तसं न करता टिश्यू पेपरचा एक तुकडा घ्या आणि कोरड्या हातानेच नीट पुसा: आधी तळवा, मग एकेक बोट, मग नखांच्या कडा. तो कागद उजेडासमोर धरलात तर वडा ठेवलेल्या कागदासारखे पारदर्शक डाग दिसतील. तेवढं नदीत गेलं नाही. कागद कचऱ्यात टाका आणि मग खुशाल साबणाने हात धुवा. धुवायचे मात्र नक्की, तोच हात डोळ्याला किंवा नातवंडाच्या तोंडाला लागतो. फक्त बोटांच्या सांध्यांनाच जेल लावलं असेल तर तासभर धुऊ नका.

आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी मला विचारलं, "अगं, कागद कशाला फुकट घालवायचा, मी जुन्या लुगड्याच्या फडक्याला पुसते." फडकं चालेल, पण टाकून द्यायचं असलं तरच. ते संध्याकाळी बादलीत पडलं तर औषध पुन्हा मोरीतच आलं. पायजम्याचंही तेच. रोज रात्री लावणाऱ्यांनी एक जुना, सैल पायजमा त्यासाठीच ठेवावा आणि तो रोज धुवायला टाकू नये. जर्मनीतही लोकांना हीच सवय लावायचा प्रयत्न चालू आहे, धुण्याआधी पुसायची.

ट्यूब संपली की ती कापून, धुऊन ठेवू नका. टोपण लावून तशीच टाका.

कोणी म्हणेल, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत की. आहेत. नायडू रुग्णालयाजवळ आहे, भैरोबा नाल्याला आहे, मुंढव्याला आहे, आणखीही आहेत. पण त्या टाक्यांमधले जिवाणू विष्ठा आणि अन्नाचा अंश खातात, डायक्लोफिनॅक त्यांना धड पचत नाही. काही भाग मोडतो, बराचसा तसाच पुढे जातो. मोठ्या सोसायट्यांच्या स्वतःच्या केंद्रांचंही तेच. ओझोन किंवा सक्रिय कार्बन वापरला तर ते निघतं. स्वित्झर्लंडने 2016 पासून त्यासाठी केंद्रं सुधारायला कायद्याने सुरुवात केली. उन्हानेही ते मोडतं, पण त्यासाठी ऊन पाण्यात खोलवर जायला हवं, आणि संगमावर उभं राहून पाहिलं तर आपल्या पाण्यात वीतभर खालचं दिसत नाही.

पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत. भिगवणला आपण चिलापी खायला आणि रोहित पक्षी बघायला जातो तेच पाणी. पिणाऱ्या माणसाला औषधाचा डोस मिळेल इतकं ते त्यात नसतं, तशी भीती घालायची नाही. प्रश्न आहे तो रात्रंदिवस त्याच पाण्यात कल्ले हलवणाऱ्या माशाचा. 2004 मध्ये जर्मन संशोधकांनी ट्राउट मासे 28 दिवस डायक्लोफिनॅक मिसळलेल्या पाण्यात ठेवले. लिटरला 5 मायक्रोग्रॅमपासून पुढे त्यांच्या मूत्रपिंडात आणि कल्ल्यांमध्ये बिघाड दिसला. ट्राउट आपल्या भीमेतला मासा नाही, हे मला कळतं. पण हे औषध मूत्रपिंडावर घाला घालतं, हे आपल्या देशाने ज्या किमतीला शिकलं ते आठवलं की मी थांबून पुरावे मागत बसत नाही.

माझं आजोळ मुळशीकडचं. लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडांचा थवा उतरायचा, आणि आम्ही लांबून, नाक धरून, बघत असायचो. आता तिथे एकही दिसत नाही. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली 99.9 टक्के 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातून गेली. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देत, ते जनावर मेलं की गिधाडं खात, आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडत. मेलेल्या पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा चुन्यासारखा थर सापडला. 2004 मध्ये कारण कळलं, 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली. तरीही माणसांसाठीची 30 मिलीची बाटली दुकानात मिळायची आणि लोक ती गोठ्यासाठी न्यायचे. काही मी माझ्या हाताने दिल्या आहेत. त्याला आळा घालायला 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एकाच डोसात बांधलं गेलं. 2023 मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकही बंद झालं. अ‍ॅसिक्लोफिनॅकचं तर शरीरात डायक्लोफिनॅकच होतं. तुमचा किंवा गावाकडे भावाचा गोठा असेल तर पशुवैद्यांना मेलॉक्सिकॅमबद्दल विचारा, ते गिधाडांना सुरक्षित आहे. माणसांच्या गोळ्या जनावराला घालू नका.

गोळ्यांविषयी थोडं. डॉक्टरांनी दिलेली गोळी नदीसाठी बंद करू नका, आणि जेल नको म्हणून स्वतःच्या मनाने गोळीवरही जाऊ नका. वयस्कर माणसाला, किंवा ज्याचं पोट, हृदय, मूत्रपिंड नाजूक आहे त्याला, गोळी जास्त महागात पडते. मी एवढंच सांगते की चिठ्ठीवर 5 दिवस लिहिलं असेल तर 5 दिवसांच्याच घ्या. 'पूर्ण पाकीट द्या, घरात असू दे' म्हणू नका.

कारण घरात असलेलं शेवटी संडासात जातं. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला, अर्ध्यामुर्ध्या पाकिटांनी भरलेला. दहाव्याच्या गडबडीत घरातल्याच एकाने गोळ्या सोलून कमोडमध्ये ओतल्या आणि रिकामी पाकिटं मला आणून दिली, काम उरकलं म्हणून. मी त्या वेळी काही बोलले नाही. त्यापूर्वी कितीतरी गिऱ्हाइकांना मीच हा उपाय सांगितला होता.

2025 मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी फ्लश करायच्या औषधांची यादी काढली, तेव्हा लोक पुन्हा गोंधळले. त्या यादीत फक्त 17 औषधं आहेत: फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल अशी, चुकून कुणी घेतली तर जिवावर बेतणारी. डायक्लोफिनॅक त्यात नाही. ते कधीच फ्लश करायचं नाही.

मुदत संपलेली औषधं पाकिटातून न काढता कागदात बांधा, वर पेनाने 'जुनी औषधं' लिहा आणि कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्या. कायद्याने तो वेगळा द्यायचा कचरा आहे. ओल्या कचऱ्यात तर अजिबात नको, त्याचं खत होतं. आमच्या दुकानात मी एक डबा ठेवला आहे. शेजारच्या दवाखान्यात जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी येते, त्यांच्या पिवळ्या पिशवीतून डब्यातलं जातं. तुमच्या मेडिकलवाल्याला विचारा, चार जणांनी विचारलं की तोही ठेवेल.

पालख्या आल्या की भवानी पेठेत, नाना पेठेत वारकऱ्यांचे पाय चेपायला मंडळांची मुलं बसतात. त्यांच्यासाठी शेवटचं. एका दुपारात तिथे डझनभर ट्यूबा संपतात, आणि दर माउलीनंतर त्याच बादलीत हात बुचकळले जातात. संध्याकाळी ती बादली रस्त्याकडेच्या गटारात उपडी होते. गेल्या वर्षी मी मुलांना बादलीच्या आधी कागदाचा मोठा रोल आणि एक गोणपाट दिलं. आधी माउलींचे पाय ओल्या फडक्याने पुसून कोरडे करायचे, मग जेल, मग कागदाला हात पुसून कागद गोणपाटात, शेवटी बादली. साध्या थकव्याला तर खोबरेल तेलाने चोळलं तरी पुरतं, जेल ज्याचा सांधा खरोखर सुजलाय त्याच्यासाठी ठेवा. रात्री गोणपाट उचललं तर चांगलं जड लागलं. यंदाही रोल मीच देणार आहे. ज्या मंडळाला हवा असेल त्यांनी पालखी यायच्या दोन दिवस आधी दुकानात येऊन न्यावा.