ऑशकॉशला जाणार असाल तर कामाला जा

एरोस्पेसमध्ये एम.एस. करायला अमेरिकेत आलेल्या आपल्या मुलामुलींना पहिल्या वर्षातच एक गोष्ट कळते. नोकरीच्या जाहिरातीच्या तळाशी एक ओळ असते: अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक हवा. संरक्षणाशी संबंधित तंत्रज्ञान परदेशी माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून इटार नावाचे नियम आहेत, त्यातून ही ओळ येते. नियम का आहेत हे समजतं, पण दिवसभर संगणकावर पंखाचं विश्लेषण करायचं आणि खऱ्या पंखापर्यंत कधी पोचायचंच नाही, हे आतून खात राहतं. मी नाशिकची. ओझरच्या कारखान्यातून उडणाऱ्या सुखोईंचा आवाज ऐकत मोठी झाले, त्यामुळे मला हे जरा जास्तच लागलं होतं. तुमचीही हीच अवस्था असेल, तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला, विमानांच्या मेळाव्याला जा. आणि जमलं तर नुसतं बघायला जाऊ नका, स्वयंसेवक म्हणून जा.

ऑशकॉश हे विनेबेगो तलावाच्या काठावरचं साधारण ६६ हजार वस्तीचं गाव. तिथल्या विटमन विमानतळावर दर वर्षी सोमवार ते रविवार ‘ईएए एअरव्हेंचर’ भरतं. २०२३ साली ६ लाख ७७ हजारांच्या आसपास लोक आले होते. ऑशकॉश आणि आजूबाजूचे विमानतळ मिळून दहा हजारांच्या वर विमानं उतरतात, आणि त्या आठवड्यापुरता इथला कंट्रोल टॉवर जगातला सर्वांत गजबजलेला टॉवर मानला जातो. हे सगळं चालवायला पाच हजारांहून जास्त स्वयंसेवक लागतात. त्यांत निवृत्त शेतकरी, शाळेतल्या बाई, विमान कंपन्यांचे कॅप्टन आणि कॉलेजची पोरं एकाच रंगाचं जॅकेट घालून उभी असतात. नागरिकत्व कुठलं, हे तिथल्या मैदानावर मला कुणी विचारलं नाही.

याची सुरुवात फार छोटी होती. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत घरी विमानं बांधणाऱ्या हौशी मंडळींची संघटना काढली, तीच ईएए, म्हणजे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. त्याच वर्षी सप्टेंबरात पहिला मेळावा झाला. पुढे तो इलिनॉयमधल्या रॉकफर्डला गेला आणि १९७० पासून ऑशकॉशला स्थिरावला. आज तिथे लढाऊ जेट येतात, नासाचा मंडप असतो, रात्रीच्या कवायती आणि आतषबाजी असते. पण मेळाव्याचा जीव अजूनही गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्या माणसात आहे. आपल्याकडे असं वेड म्हटलं की कॅप्टन अमोल यादव डोळ्यांसमोर येतात. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं आणि नोंदणी हातात पडायला २०१७ उजाडलं. ऑशकॉशला होमबिल्ट, म्हणजे घरी बांधलेल्या विमानांच्या रांगांतून चालताना मला त्यांची सारखी आठवण होते. तिथे अशी शेकडो विमानं गवतावर ओळीनं उभी असतात, प्रत्येकाच्या शेजारी खुर्ची टाकून ते बांधणारा माणूस बसलेला असतो, आणि तुम्ही एक प्रश्न विचारला की तो कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, उघडून दाखवायला लागतो.

आता महत्त्वाचं. मेळावा सोमवारी सुरू होत असला तरी तुम्ही शनिवारी सकाळी तिथे असायला हवं, कारण शनिवार-रविवार विमानं येण्याचे दिवस. बोनान्झा, सेसना, मूनी या छोट्या विमानांचे थवेच्या थवे एकत्र उतरतात. बाकीचे पायलट फिस्कच्या वाटेनं येतात, आणि ती पद्धत समजून घेतली की तुम्ही थक्क व्हाल. साधी, रेडिओवर ‘रॉजर’, म्हणजे ‘निरोप मिळाला’, म्हणण्याची सवयसुद्धा तिथे बाजूला ठेवावी लागते. रिपन गावापासून ईशान्येकडे रेल्वेचे रूळ जातात. त्या रुळांवरून, एकामागे एक, अर्ध्या मैलाचं अंतर ठेवून, १,८०० फुटांवर ९० नॉट्स (ताशी सागरी मैल) वेगानं उडत यायचं. ज्यांना एवढं हळू उडता येत नाही त्यांच्यासाठी २,३०० फूट आणि १३५ नॉट्स. फिस्क या छोट्याशा वस्तीजवळ कंट्रोलर दुर्बिणी घेऊन उघड्यावर बसलेले असतात. ते विमानाचा रंग आणि घडण बघून हाक मारतात: निळं-पांढरं हाय-विंग (वर पंख असलेलं विमान), पंख हलव. पायलटनं उत्तर द्यायचं नाही, फक्त पंख डोलवायचे. मग त्याला धावपट्टी सांगतात. धावपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके रंगवलेले असतात. कंट्रोलर सांगेल त्या ठिपक्यावर चाकं टेकवायची, म्हणजे एकाच धावपट्टीवर एकापाठोपाठ एक विमानं सुखरूप उतरतात. सगळ्याची लेखी सूचना एफएए, म्हणजे अमेरिकेची नागरी विमानवाहतूक संस्था, आधीच काढते. विद्यार्थ्यांनी ती डाउनलोड करून जाण्यापूर्वी वाचावी. हवाई वाहतुकीच्या अभ्यासक्रमात इतकं जिवंत उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही.

विमान धावपट्टीवरून गवतात वळलं की ते टॉवरच्या नाही, स्वयंसेवकांच्या ताब्यात येतं. इथे तुमचं काम सुरू होतं. पायलटनं काचेमागे मोठ्या अक्षरात कागद धरलेला असतो: विमान जुनं आहे, घरी बांधलेलं आहे की साधं, आणि त्याला फक्त पार्किंग हवंय की विमानाशेजारी तंबूही ठोकायचाय. तो कागद वाचून तुम्ही त्याला पुढच्या माणसाकडे वळवता, तो त्याच्या पुढच्याकडे, आणि शेवटी कुणीतरी त्याला त्याच्या रांगेत उभं करतो. सुरुवातीला छोटं प्रशिक्षण देतात आणि अनुभवी माणसाच्या जोडीला उभं करतात. नाव आधी ऑनलाइन नोंदवता येतं. आयत्या वेळी स्वयंसेवक केंद्रात जाऊन विचारलं तरी बहुधा कुठे ना कुठे माणूस हवाच असतो, अगदी दोन-चार तासांसाठीसुद्धा.

मला ज्या आजोबांच्या जोडीला दिलं होतं, त्यांनी सगळ्यात आधी प्रोपेलरविषयी सांगितलं. फिरता पंखा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बंद पंखासुद्धा चालूच आहे असं धरूनच त्याच्याजवळून जायचं. पंख्याच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही. मागच्या चाकावर बसणाऱ्या, म्हणजे टेलड्रॅगर विमानाचं नाक वर असतं आणि पायलटला समोरचं काही दिसत नाही, म्हणून तो जमिनीवर विमान नागमोडी चालवत नेतो. अशा वेळी त्याच्या नाकासमोर नाही, डाव्या पंखाच्या टोकाबाहेर उभं राहायचं, कारण बहुतेक विमानांत पायलट डावीकडे बसतो. ‘तुला त्याचे डोळे दिसत नसतील, तर तू त्याला दिसत नाहीस,’ असं ते म्हणाले. हातांच्या खुणा अर्ध्या तासात येतात. पण वाऱ्याचा झोत कुठे जाईल, मागच्या तंबूचं काय होईल, पोराला खांद्यावर घेतलेला बाप कुठून रस्ता ओलांडेल, हे सगळं एकाच वेळी बघायची सवय लागायला दिवस जातो. मेळाव्याच्या दिवसांत विमानं माणसांच्या गर्दीतून नेतात, तेव्हा दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक स्वयंसेवक चालतो. मला सर्वांत आवडलेलं काम ते. हातभर अंतरावर खरा पंख, आणि त्याची जबाबदारी तुमची.

या कामाला जाताना पायात बंद बूट, कानात बोळे, डोक्यावर दोरीची टोपी. सैल टोपी उडून इंजिनात जाऊ शकते. जमिनीवर दिसलेला प्रत्येक कागद आणि प्लॅस्टिकचा तुकडा उचलायचा, तोही याच कारणानं. एवढ्या गर्दीत मैदान इतकं स्वच्छ कसं, याचं उत्तर हेच की जो तो वाकून उचलत असतो.

फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानांच्या रांगांशी, उन्हात उभं राहणं झेपत नसेल तर ट्राम चालवणं, लहान मुलांच्या किडव्हेंचरमध्ये मदत करणं, माहिती केंद्रात बसणं, अशी पुष्कळ कामं आहेत. एफ-वन व्हिसावर असाल तर विनावेतन स्वयंसेवेबद्दल आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा आणि उत्तर ई-मेलवर घ्या.

आता कार्यशाळांबद्दल, कारण इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यासाठी खरा खजिना तिथे आहे. पत्रा, लाकूड, वेल्डिंग, कंपोझिट, कापड चढवणं, यातलं प्रत्येक काम प्रत्यक्ष करून शिकवणारे मंडप असतात. मी पत्र्यापासून सुरुवात केली आणि तुम्हीही तिथूनच करा असं सुचवेन. दोन पत्रे क्लेकोंनी, म्हणजे तात्पुरत्या चापांनी, धरायचे, भोक पाडायचं, त्याच्या कडेची धार काढायची, रिव्हेट घालायची. मग एकानं रिव्हेटच्या डोक्यावर रिव्हेट गन लावायची आणि दुसऱ्यानं मागून बकिंग बार, म्हणजे जड धातूचा ठोकळा, धरायचा. मागचं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्ध्यानं उंच झालं म्हणजे जमलं. हे आकडे मी पुस्तकात वाचले होते. पण बार किंचित तिरका धरला की डोकं एका बाजूला कलतं, गन क्षणभर जास्त चालली की ते चपटं होतं आणि पत्रा सुजतो, हे हाताला कळल्यावर माझ्या विश्लेषणातली जोडणी मला वेगळीच दिसायला लागली. मॉडेलमध्ये मी रिव्हेट म्हणून एक बिंदू ठेवत असे. आता त्या बिंदूमागे दोन माणसं दिसतात, आणि सुरक्षिततेचा गुणक निवडताना मी त्यांचा विचार करते. कापडाच्या मंडपात तर पॉलिएस्टरचं कापड सांगाड्यावर चिकटवून चक्क इस्त्रीनं आवळून घेतात. तापमान मात्र मोजून ठेवावं लागतं. काही वर्षी ‘वन वीक वंडर’ असतं: एक अख्खं विमान सात दिवसांत मैदानावरच बांधायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यात रिव्हेट लावून वहीत सही करायची. २०१४, २०१८ आणि २०२३ साली हे झालं.

नोकरीच्या दृष्टीनं म्हणाल, तर बायोडेटा वाटत फिरण्याची ही जागा नाही असं माझं मत आहे. इंजिन आणि एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) कंपन्यांच्या दालनांत ज्यांनी ती वस्तू घडवली ते इंजिनीअर स्वतः उभे असतात. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत जा. एकाच वस्तूबद्दल नीट वाचून जा आणि एक खोल प्रश्न विचारा. लहान विमानं, त्यांची इंजिनं, उपकरणं हे क्षेत्र बरंचसं नागरी आहे, त्यामुळे आपल्यासारख्यांना दारं पूर्ण बंद नसतात. नेमकी कुठली उघडी आहेत हे अशा बोलण्यातून कळतं. माझी पुढची दिशा अशाच एका संभाषणातून ठरली.

राहण्याचं आधी बघा. आसपासची हॉटेलं फार लवकर भरतात आणि महागही होतात. विद्यार्थ्यांना दोन पर्याय परवडतात: कॅम्प शोलर या मैदानाला लागूनच्या छावणीत तंबू, किंवा ऑशकॉशच्या विद्यापीठाच्या वसतिगृहातली खोली. मी तंबूच्या बाजूनं आहे, कारण संध्याकाळी शेजारच्या तंबूत ज्या गप्पा होतात त्या खोलीत मिळत नाहीत. मात्र जुलैतला विस्कॉन्सिनचा पाऊस हलक्यात घेऊ नका. २०१० साली इतका पाऊस झाला की गवताचा चिखल झाला आणि विमानं उभी करायला जागा उरली नाही. लोक अजून त्या वर्षाला ‘स्प्लॉशकॉश’ म्हणतात. तंबूचे खिळे लांब घ्या, जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरा. शाकाहारी असाल तर मैदानावर भाजलेली कणसं आणि चीज कर्ड्सवर एखादा दिवस निघतो. त्यापुढे छोटा स्टोव्ह, पोहे आणि घरचा चिवडा हवाच. माझ्या पोह्यांनी आमच्या रांगेत बऱ्याच ओळखी करून दिल्या.

आणि एक संध्याकाळ मैदानाच्या दक्षिण टोकाला, अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलकी छोटी विमानं, उडतात तिथे काढा. जेटच्या बाजूला असते तशी गर्दी तिथे नसते, आणि विमान हवेत कसं टिकतं ते अगदी जवळून, सावकाश बघता येतं.

परत आल्यावर लगेच करायचं काम म्हणजे तुमच्या गावाजवळचं ईएए चॅप्टर शोधणं. अमेरिकेत अशी शेकडो चॅप्टर्स आहेत. ती महिन्यातून एकदा कुठल्यातरी हँगरमध्ये भरतात, आणि कुणीतरी विमान बांधत असतं ज्याला बकिंग बार धरायला माणूस हवा असतो. हीच चॅप्टर्स ‘यंग ईगल्स’ भरवतात: १९९२ पासून ८ ते १७ वर्षांच्या मुलांना स्वयंसेवक पायलट पहिलं उड्डाण फुकट घडवतात, आणि आतापर्यंत २० लाखांहून जास्त मुलं अशी उडाली आहेत. त्या दिवशी मुलांना विमानापर्यंत नेऊन पट्टा बांधून द्यायला माणसं लागतात. स्वतः पायलट व्हायचं मनात आलं तर परदेशी नागरिकाला प्रशिक्षणाआधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाची) मंजुरी घ्यावी लागते, तेव्हा तो अर्ज सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी टाका. चॅप्टरमधला कुणीतरी प्रशिक्षक तो भरायला मदत करतोच.