नव्या मोबाइल प्लॅटफॉर्मसाठी दर्जेदार ॲप तयार करताना

नुकत्याच आलेल्या मोबाइल प्लॅटफॉर्मसाठी काम करणाऱ्याने पहिल्या आठवड्यात ॲप लिहायला घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या आठवड्यात आपल्याला लागणाऱ्या प्रत्येक सुविधेसाठी वीस-पंचवीस ओळींचा स्वतंत्र चाचणी-प्रोग्राम लिहावा, तो एमुलेटरवर (संगणकावरच्या नकली फोनवर) नव्हे तर प्रत्यक्ष फोनवर चालवावा आणि प्लॅटफॉर्मच्या माहितीपत्रकात लिहिलेले व फोनवर घडणारे यांतील प्रत्येक फरक वहीत टिपून ठेवावा. जुन्या प्लॅटफॉर्मवर अशा अडचणी आधीच अनेकांना आलेल्या असतात आणि त्यांची उत्तरे शोधली की मिळतात. नव्या प्लॅटफॉर्मवर तसा आधार नसतो, म्हणून ही वहीच सर्वांत भरवशाची ठरते.

उदाहरणासाठी कळांच्या साध्या फोनवर चालणारी कायओएस घेऊ. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या मोबाइल प्रणालीपासून घडलेली ही प्रणाली नवी असतानाच जिओफोनमधून आपल्याकडे आली. जुलै २०१७ मध्ये मुंबईत जाहीर झालेल्या या फोनला ५१२ एमबी रॅम, २४० बाय ३२० पिक्सेलचा पडदा आणि स्पर्शाऐवजी कळा होत्या. व्हॉट्सॲपसारखे ॲपदेखील त्यावर यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. समजा, मुंबईत घरकाम करणाऱ्या महिलांसाठी प्रत्येक घरचे खाडे, घेतलेली उचल आणि महिन्याचा पगार यांची नोंद ठेवणारे ॲप आपल्याला या फोनसाठी करायचे आहे. पगाराच्या दिवशी मालकीण सहा खाडे म्हणते आणि बाई चार म्हणते, तेव्हा तिच्या हाती तेवढीच एक नोंद असते. त्यामुळे नोंद हरवू न देणे हाच येथे दर्जाचा पहिला निकष मानावा.

कायओएस २.५ चा पाया गेको ४८, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरच्या ४८ व्या आवृत्तीचे इंजिन, होता. जावास्क्रिप्टमधील असिंक-अवेट (वेळ लागणारी कामे सोप्या रीतीने लिहिण्याची सोय) आणि सीएसएसमधील ग्रिड (पडद्याची चौकटीत मांडणी करण्याची सोय) या दोन्ही सोयी फायरफॉक्समध्ये ५२ व्या आवृत्तीपासून आल्या. परिणामी, संगणकावरच्या ताज्या ब्राउझरमध्ये व्यवस्थित चालणारे ॲप या फोनवर नुसता कोरा पडदा दाखवू शकते. यासाठी कोड जुन्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि मांडणीसाठी फ्लेक्सबॉक्स ही सीएसएसमधील जुनी सोय वापरावी. पुढे कायओएस ३.० ने गेको ८४ स्वीकारले, ॲपची ओळख सांगणाऱ्या मॅनिफेस्ट फाइलचे नावही बदलले आणि कोडमधून फोनच्या सुविधांना हाक मारण्याची, म्हणजे त्या वापरण्याची, पद्धतही बदलली. ज्यांनी त्या हाका संपूर्ण कोडमध्ये विखरून ठेवल्या असतील, त्यांना जवळपास सगळेच पुन्हा लिहावे लागणार, हे उघड आहे. म्हणून खाड्यांचा हिशोब एका भागात आणि प्लॅटफॉर्मशी बोलणारा सगळा कोड दुसऱ्या, शक्य तितक्या लहान भागात ठेवावा, म्हणजे प्लॅटफॉर्म बदलला तरी हिशोबाला हात लावावा लागत नाही.

मेमरी कमी पडू लागली की प्रणाली पडद्यामागे गेलेले ॲप न विचारता बंद करते. शिवाय फोनची बॅटरी कधीही काढली जाऊ शकते. यामुळे ‘जतन करा’ या कळेची वाट पाहू नये. प्रत्येक खाडा टिपताक्षणी इंडेक्स्डडीबीमध्ये (फोनवरच नोंदी साठवणाऱ्या ब्राउझरच्या कोठारात) लिहावा आणि लिखाण खरोखर पूर्ण झाल्यावरच पडद्यावर खूण दाखवावी.

मराठी अक्षरांची तपासणी मात्र सर्वांत निवांतपणे करावी, कारण जोडाक्षरे मोडकी दिसण्याचा दोष परदेशी प्रणालीकर्त्यांच्या लक्षात येण्याचा संभव कमी असतो. अँड्रॉइडसारख्या प्लॅटफॉर्मलाही देवनागरीचा आधार देण्यासाठी २०११ मधील ४.० ही आवृत्ती यावी लागली. ‘सुट्ट्या’, ‘खाड्यांचा’, ‘कर्ज’, ‘दुसऱ्या’ असे शब्द प्रत्येक आकारात पडद्यावर आणून पाहावेत. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो, नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना संगणक त्यांना वेगळे शब्द समजतो. साठवण्यापूर्वी दोन्हींचे एकच रूप करून घ्यावे. कळांवर मराठी टाइप करणे कष्टाचे असल्याने घरांची नावे एकदाच लिहून घ्यावीत आणि रोजची नोंद आकड्यांच्या एका कळेवर आणावी.

चाचणी कार्यालयातल्या वायफायवर करून भागत नाही. दादर ते कल्याण गर्दीच्या वेळी उभ्याने प्रवास करत, एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून दहा नोंदी करून पाहाव्यात. नेटवर्क तुटले, मध्येच फोन आला, भर उन्हात फलाटावर पडदा दिसेनासा झाला, तरी दहाच्या दहा नोंदी शिल्लक राहायला हव्यात. हीच परीक्षा ॲप एखाद्या कामकरी बाईच्या हाती देऊन, तिला काहीही न सांगता, पुन्हा घ्यावी आणि ती जिथे थांबते ती जागा वहीत लिहावी.

नवा प्लॅटफॉर्म टिकेलच याची खात्री धरू नये. ज्या फायरफॉक्स ओएसपासून कायओएस घडले, त्याचे फोन २०१३ मध्ये बाजारात आले आणि डिसेंबर २०१५ मध्येच मोबाइल कंपन्यांमार्फत ते विकणे थांबवण्याचा निर्णय मोझिलाने जाहीर केला. म्हणून महिन्याचा हिशोब एसएमएसने स्वतःला किंवा मुलीला पाठवण्याची सोय पहिल्याच आवृत्तीत द्यावी. ॲपची प्रत्येक नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी सर्वांत जुन्या आवृत्तीत भरलेला, किमान तीन महिन्यांच्या खाड्यांचा साठा तिच्यात उघडून बेरीज जुळते का, ते कागदावर मांडून पाहावे.