तळ्याकाठी मुक्कामाला घोडी न्यायची म्हणजे

घोडी घेऊन तळ्याकाठी मुक्काम कसा करायचा असं सारखं कोणीतरी विचारतं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ठाण्यात घोडबंदर रोडला राहून घोडं पाळतो म्हटलं की लोक आधी हसतात. अरबी घोडे इथल्या बंदरात उतरायचे म्हणून घोडबंदर असं म्हणतात, आता त्याच रोडवर संध्याकाळी स्कूटर पुढे सरकत नाही तिथे घोडं काय सरकणार. तर माझी घोडी मुरबाड साइडला एका पागेत असते आणि हिवाळ्यात दोन-तीनदा तिला घेऊन मी तळ्याकाठी राहायला जातो.

पहिलं म्हणजे जागा. बारवी, भातसा, तानसा, मोरबे ही नावं डोक्यातनं काढा, ही सगळी पिण्याच्या पाण्याची धरणं, तानसाला तर अभयारण्यच आहे, आणि येऊर म्हणजे नॅशनल पार्क, वर बिबटे. त्यापेक्षा मुरबाड-शहापूरकडे गावातले पाझर तलाव बघा, शेजारी कुणाचं तरी खाजगी शेत असतं, मालकाला विचारायचं, सरपंच आणि पोलीस पाटलांच्या कानावर घालायचं, शेतात पीक उभं असेल तर नाही म्हणतील आणि बरोबरच म्हणतील. माझा मावसभाऊ अमेरिकेत ओहायोत असतो, तिकडे अ‍ॅलम क्रीकसारख्या स्टेट पार्कात तळ्याजवळ घोडेवाल्यांचा वेगळा कॅम्पच आहे, आणि तिकडे बऱ्याच राज्यांत घोडा नेताना कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रक्तरोगाची तपासणी) कागद जवळ लागतो. आपल्याकडे असं तयार काही नाही, त्यामुळे जागेपासून लीद उचलण्यापर्यंत सगळं आपल्याच डोक्यावर.

कागद मात्र आपल्याकडेही लागतात. टेम्पोतनं न्यायचं तर 1978 च्या जनावर वाहतुकीच्या नियमांप्रमाणे डॉक्टरचं फिट असल्याचं सर्टिफिकेट हवं. आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची टेस्ट केली नसेल तर दुसऱ्यांच्या घोड्यांबरोबर कॅम्प करूच नका, तो रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि जनावर पॉझिटिव्ह निघालं तर ते मारावं लागतं. एवढं वाचून पण काही जण म्हणतात कशाला उगाच खर्च. असो.

निघायचं पहाटे, भिवंडीकडचा ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत. गाडीत खाली भरपूर पेंढा, बाजूला जाड गाद्या, आणि ड्रायव्हरला पहिलंच सांगायचं की ब्रेक हळू.

आता पाणी. तळ्याकाठी जातोय म्हणजे पाण्याची काळजी नाही असं मला पण वाटायचं. पहिल्या ट्रिपला सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोडीनं अनोळखी पाण्याला तोंड लावलं नाही, नुसतं हुंगायची आणि मान फिरवायची, माझ्या पोटात गोळा. घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 45 लिटर पाणी लागतं, ऊन आणि काम असेल तर अजून जास्त, आणि पाणी कमी पडलं की आतड्यात चारा घट्ट होऊन पोटशूळ. त्यात घोड्याला उलटी होत नाही, म्हणजे आत अडकलं ते अडकलं. तेव्हापासून मी निघायच्या चार-पाच दिवस आधीच पागेतल्या पाण्यात थोडा गूळ विरघळवायला लागतो, तिकडे गेल्यावर तळ्याच्या पाण्यात तोच गूळ, चव ओळखीची लागते आणि पिते बिचारी. शिवाय पहिल्या दिवसापुरते दोन कॅन घरचं पाणी. बादली आपलीच वापरायची, गुरांच्या हौदात तोंड घालू द्यायचं नाही, घोड्यांचे काही आजार एकमेकांच्या बादलीतूनच पसरतात.

पाणी पुरतंय का ते कसं बघायचं? मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच जागेवर बसायला हवी. ओठ वर करून हिरडी बोटानं दाबा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. आणि लीद मोजा, हसू नका, दिवसाला 8 ते 12 वेळा लीद टाकते ती, त्यात मोठी खोट दिसली, घोडं सारखं कुशीकडे वळून बघायला लागलं, पायानं जमीन उकरायला लागलं की ट्रिप संपली, डॉक्टरला फोन. म्हणूनच मोबाइलला रेंज नाही तिथे मी राहात नाही, जागा कितीही भारी असो.

दुसरा प्रकार गाळाचा. दिवाळीनंतर तळ्याचं पाणी मागे हटायला लागतं तसा काठ वरनं वाळून भेगाळतो, बघितल्यावर वाटतं कडक जमीन, आणि खाली सगळा मऊ चिखल. मी एकदा असाच आरामात पाण्याकडे निघालो तर घोडीचे पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत. घाबरून ती जितकी उसळ्या मारायची तितकी रुतायची. मी खाली उतरलो, खोगीर सोडलं, गळ्याशी बोलत तिला जरा शांत केलं आणि मग ती स्वतःच मागच्या पायांवर जोर देऊन फिरली. त्या दिवसापासून नियम केलाय, आधी मी काठी घेऊन चालत जाणार, गावातली गुरं जिथून पाण्यावर उतरतात ती वाट शोधणार, आणि मगच घोडी. पाण्यात उतरवायची हौस असेल तर मान खाली बांधून ठेवणारं मार्टिंगेल आधी काढा, खोल पाण्यात तिला नाक वर काढता आलं नाही तर संपलं सगळं.

तंबू आणि घोडं दोन्ही पाण्यापासून निदान 60 मीटर लांब. लीद आणि मूत पाण्यात जाऊ नये हे एक कारण, दुसरं म्हणजे संध्याकाळी काठावर डास आणि घोडमाश्या इतक्या असतात की घोडं रात्रभर पाय आपटत राहतं. चावणाऱ्या माश्यांमधून सरा नावाचा रक्ताचा आजार पण पसरतो.

रात्री बांधायचं कसं यावर आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी वाद. जुने मोतद्दार (घोडे सांभाळणारे) अगाडी-पिछाडी, म्हणजे डोक्याकडच्या आणि मागच्या पायांच्या दोऱ्या, लावून मेखांवर बांधतात, घोड्याला लहानपणापासून सवय असेल तर उत्तमच, पण नवीन घोड्याला पिछाडी लावली की तो दोरीत पाय अडकवून घेतो. मी दोन मजबूत झाडांमध्ये, ऐन किंवा आंबा, घोड्याच्या डोक्याच्या वर म्हणजे सात फुटांवर जाड दोरी ताणून बांधतो. खोडाला दोरी थेट लावायची नाही, रुंद पट्टा गुंडाळायचा नाहीतर साल सोलून निघते. मोरकीची (तोंडावर चढवतात त्या पट्ट्यांची) दोरी त्या आडव्या दोरीवर अशी अडकवायची की नाक जमिनीपर्यंत पोचेल पण दोरीचा झोळ खाली पडणार नाही, आणि दोन्ही झाडांपासून घोडं सहा फूट तरी आत. गाठ एका हिसक्यात सुटणारी. जवळ चाकू. आणि हे सगळं आधी पागेत एक रात्र करून बघायचं, पहिला प्रयोग तळ्यावर करायचा नाही, हे मी हात जोडून सांगतो.

चारा घरूनच. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा धरा, माझी घोडी साडेतीनशे किलोची म्हणजे साधारण 5 ते 7 किलो रोजचा, वर एखादा किलो जास्तीचा. चंदी (दाण्याचा खुराक) नेहमीचीच आणि नेहमीपेक्षा कमी, ट्रिपवर प्रेमानं डबल चंदी घालणारे लोक मी पाहिलेत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची धावपळ पण. तिथलं हिरवं चरायला सोडायच्या आधी आजूबाजूला फिरून या. तळ्यांच्या काठी जांभळट फुलांची बेशरम हमखास असते, ती विषारी. घाणेरी पण. फार्महाऊसच्या कुंपणाला कण्हेर असेल तर घोडं त्या बाजूला बांधूच नका, कण्हेरीची थोडी पानं पण जीव घेतात.

सकाळी उठल्यावर चहाच्या आधी चारही खूर उचलून बघायचे, खडा अडकलाय का, नाल हललीय का, पायाला हात लावून गरम लागतंय का. मग खरारा म्हणजे ब्रशनं अंग घासायचं, गोचीड शोधायची ती कानात, शेपटीच्या मुळाशी. लीद गोणीत भरून शेतमालकाला विचारायचं, बहुतेक जण खतासाठी ठेवूनच घेतात. आम्ही ज्यांच्या शेतात उतरतो ते काका आता फोनवर आधी तेच विचारतात, घोडी किती आणताय, दोन गोण्या पुरतील ना.